गराज सेलमधल्या 'वाव' सीडी आणि सासूबाईंचं 'येल चढाय'

मिरजेची_सून
मंडळी, एक गाणं ओळखायचंय. त्या निमित्ताने चर्चा झाली तर हवीच आहे.

आम्ही नॅशव्हिलच्या दक्षिणेला फ्रँकलिनमध्ये राहतो. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका आजीबाईंनी घर आवरताना गराज सेल लावला होता. मी गेले कुंड्या बघायला आणि आले खोकं घेऊन. आत नऊ जोड-सीडी, सगळ्यांवर ठसठशीत 'वाव'. काहींवर साल: १९९६, १९९७, १९९९ असं. एक निळी, एक केशरी, एक पिवळी. सगळं मिळून तीन डॉलर. तळाशी कव्हर नसलेली, वरची अक्षरं पुसलेली एक सुटी सीडी होती, ती फुकट.

सासूबाई तेव्हा सहा महिने इथे होत्या. टीव्हीचा त्यांना कंटाळा. सकाळी हरिपाठ झाला की "लाव गं ती तुझी खोक्यातली गाणी", आणि मग भाजी निवडायला बसायच्या. इंग्रजीचा गंध नाही. ही ख्रिस्ती लोकांची गाणी आहेत असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग? भजनंच की."

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं त्या सुट्या सीडीवर होतं. एक बाई अगदी संथ, गोड आवाजात म्हणते 'येल चढाय, येल चढाय'. (आमच्याकडे बोलताना वेलाचा येल होतो.) मधले काही शब्द इंग्रजी नाहीत, कुठले ते मला कळले नाहीत. सासूबाईंच्या मते ते वेलाचंच गाणं आहे. त्या मार्चमध्ये परत गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या धाकट्याने ती सीडी फरशीवर गाडी म्हणून चालवली. आता नुसती खरखर. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "येल चढाय मिळालं का?"

तर, गाणं कोणतं? आणि हा एकंदर प्रकार काय आहे? रॉक आहे, पॉप आहे, मधेच रॅप आहे, कव्हरवरची मुलं एमटीव्हीवरची वाटतात आणि शब्द सगळे देवाचे. इथे कोणी ऐकतं का? सुरुवात कुठून करावी?

बेसुर_बाळ्या
शझाम लावा की, ते गाणं ओळखणारं ॲप.

मिरजेची_सून
बाळ्या, खरखरीला शझाम काय ओळखणार! सासूबाईंचं गुणगुणणं फोनवरून ऐकवलं, तर त्याने एक तेलुगू आयटम साँग दाखवलं.

बेसुर_बाळ्या
हसून हसून पुरेवाट. त्याची लिंक तरी द्या.

दूरदेशी_काका
सूनबाई, खोकं चांगलं हाती लागलंय. 'वाव' म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती पॉपचा दिवाळी अंक समज. पहिला आला १९९५ च्या शेवटी, पण नाव 'वाव १९९६'. मोटारींचं करतात तसं, पुढचं साल आधीच चिकटवायचं. दोन सीडी, तीस गाणी. गंमत म्हणजे एरवी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवणाऱ्या कंपन्या, स्पॅरो काय, वर्ड काय, यासाठी एका ताटात जेवायला बसल्या. ज्याची त्याची चालती गाणी एकत्र करायची आणि नफा वाटून घ्यायचा. कल्पना ब्रिटनच्या 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक'ची. तिथे ते १९८३ पासून होतं, पण खुद्द अमेरिकेत 'नाऊ' यायला १९९८ उजाडलं. या एका बाबतीत देवाची माणसं बाजाराच्या पुढे होती. मालिका 'वाव हिट्स २०१९' पर्यंत चालली. पुढे सीडी घेणारेच उरले नाहीत.

रंगांच्या सीडी वेगळ्या. निळी १९९९ ची, केशरी २००० ची, हिरवी २००१ ची, पिवळी २००३ ची. ही 'वर्शिप'ची गाणी, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायची. सालाच्या सीडीतली गाणी गाडीत ऐकायची, रंगांच्या सीडीतली उभं राहून म्हणायची.

मी १९८१ साली ह्यूस्टनला आलो. कामासाठी डॅलसच्या चकरा असायच्या. पुढे मुलं झाली, मागच्या सीटवर दोन पोपट, ऐकतील ते शाळेत बोलून दाखवणार. मग आमचा काटा के-लव्हवर स्थिरावला. हे मूळचं कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाचं, १९८२ चं स्टेशन. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, आता देशभर लागतं. आमच्या घरी गणपती बसतो, सत्यनारायण होतो, आणि मुलांना मायकेल डब्ल्यू. स्मिथ तोंडपाठ. कारण काय, तर शिव्या नाहीत. इथल्या अनेक देशी घरांत हेच गुपित आहे, फक्त कोणी कबूल करत नाही.

पुणेरी_पाटी
आम्ही कबूल करतो. न्यू जर्सी, २००६ ते २०११.

वाकडी_वाट
रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. यातली नव्वद टक्के गाणी एका साच्यातली. आधी एकटा पियानो, मग हळूच गिटार, दुसऱ्या कडव्याला ड्रम, मग सगळं थांबून एक श्वास आणि शेवटी आभाळाकडे हात. पॉपमध्ये जे चालतं त्याची दोन वर्षांनी ख्रिस्ती आवृत्ती निघते. गाण्याची जात सुरावरून, तालावरून, घाटावरून ठरते. ठुमरी, लावणी, ब्लूज. इथे ती फक्त शब्दांवरून ठरते. त्या धंद्यातले लोकच 'जीझस पर मिनिट' असा विनोद करतात: मिनिटाला नाव किती वेळा आलं, त्यावर गाणं रेडिओवर वाजणार की नाही.

१९९७ साली त्यांच्या डव्ह पुरस्कारांत 'बटरफ्लाय किसेस' हे वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. बाप आणि लाडकी लेक. त्याच सुमारास कुरकुर सुरू झाली की यात देव कितीसा आहे? मग पुरस्कार देणाऱ्या गॉस्पेल म्युझिक असोसिएशनला 'आपलं गाणं' कशाला म्हणायचं याची व्याख्या लिहून काढावी लागली. व्याख्येत सूर कुठेच नाही. शब्द, शब्द आणि शब्द.

वारीतला_विन्या
वाकडोबा, मग आपली 'भक्तिगीतं' तरी कशावरून ठरतात? यमनात बसतात, भैरवीत बसतात, भावगीताच्या चालीवर बसतात आणि गणपतीत डीजेवरही बसतात. अभंगाचंच घे.

वाकडी_वाट
अभंग हा छंद आहे. बाकीचं मान्य.

वारीतला_विन्या
छंद म्हणूनच बोललो. (नाही, चुकलो.)

निळा_सूर
थांबा, एक गल्लत होतेय. त्या असोसिएशनच्या नावातही 'गॉस्पेल' हा शब्द सैल वापरलाय. काळ्या चर्चमधलं गॉस्पेल आणि हे 'कंटेम्पररी', म्हणजे खोक्यातलं ख्रिस्ती पॉप, वेगवेगळे. गॉस्पेलला सूर आहे, ताल आहे, घाट आहे. ब्लूज वाजवणारा टॉमस डॉर्सी शिकागोत चर्चसाठी लिहायला लागला. १९३२ साली बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळ गेलं, त्या दुःखात त्याने 'प्रेशस लॉर्ड' लिहिलं. पुढे गायिका महेलिया जॅक्सनने ते कुठल्या कुठे नेलं. ऐकून बघा, नंतर पियानो-गिटार-ड्रमच्या साच्यावर बोलू.

या दोन जगांमध्ये पूल बांधणारा माणूस म्हणजे आंद्रे क्राउच. त्याची गाणी गोऱ्या चर्चमध्येही सर्रास म्हटली जातात, एल्विसनेही एक गायलं. आणि तुम्ही सगळ्यांनी त्याचा कोरस ऐकलाय, नकळत. मायकेल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'मध्ये शेवटी जी झुंड उसळते ना, ती आंद्रे क्राउचची मंडळी.

आणि तरी १९९८ पासून 'वाव गॉस्पेल' अशी वेगळी मालिका निघाली. देव एक, फडताळं दोन. कुणाचं कुठल्या फडताळात, हे सुरावरून ठरलं असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

वाकडी_वाट
निळ्या, दंडवत. 'मॅन इन द मिरर' आता पुन्हा ऐकतोय.

बेसुर_बाळ्या
अर्धा धागा मायकेल जॅक्सन ऐकायला गेला, सासूबाई अजून लटकलेल्या.

सह्याद्रीचा_ढाण्या
[प्रतिसाद काढून टाकला आहे]

व्यवस्थापक
धर्मांतरावरचे प्रतिसाद त्यासाठीच्या धाग्यावर टाकावेत. तिथे आधीच सातशे आहेत. इथे गाणी.

नगरी_भाकरी
बरं झालं. मी मगाशीच लिहायला घेतलं होतं आणि तो प्रतिसाद बघून पुसून टाकलं. आता परत लिहितो.

मी मराठी ख्रिस्ती, नगरचा. आमच्या मंडळीत गाण्याचं पुस्तक म्हणजे 'उपासना संगीत'. पाळकसाहेब गीत क्रमांक सांगणार, पेटीवाला सूर धरणार, तबला, झांज, की झालं सुरू. त्यातली किती तरी गीतं ना. वा. टिळकांची. टिळकांना इथले लोक लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ओळखतात, पण आमच्यासाठी ते आधी गीतकार. बाप्तिस्मा १८९५ चा, आणि ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं मानणारा माणूस. म्हणून आमच्या चर्चमध्ये अभंग आहे, ओवी आहे, कीर्तनही आहे. लहानपणी मला वाटायचं जगभरचे ख्रिस्ती असंच गातात.

मग १९९४-९५ च्या सुमारास तरुण संघात एकाने मुंबईहून डॉन मोएन या अमेरिकन ख्रिस्ती गायकाची कॅसेट आणली. तिच्यावरून दुसरी भरली, दुसरीवरून तिसरी. मी सोळावी-सतरावी कॉपी ऐकली असेन. मोएन पाण्यातून गातोय असं वाटायचं. तरी काय जादू होती! कळायला सोपं, गिटारवर चार कॉर्डमध्ये बसणारं. 'गॉड विल मेक अ वे' आम्ही उन्हाळी शिबिरात रडत रडत म्हटलं आहे. मेव्हणीचा लहान मुलगा मोटार अपघातात गेला तेव्हा त्याने ते लिहिलं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसतं रडू यायचं.

मग भांडण लागलं. तरुण संघाला ड्रम हवा, वडीलधाऱ्यांना पेटी. तोडगा निघाला: पहिली वीस मिनिटं 'स्तुती-आराधना', म्हणजे आमचा धिंगाणा, आणि मग क्रमांकाची गीतं. माझी आजी म्हणायची, "टिळकांच्या गीताला मान डोलते. तुमच्या गाण्याला हात वर करावे लागतात, माझा खांदा दुखतो."

आम्ही मराठी भाषांतरंही केली आणि तिथे खरी गोची झाली. इंग्रजीत 'होली' दोन अक्षरांत सुटतं, शेवटचा स्वर हवा तेवढा ताणा. मराठीत 'पवित्र'. जोडाक्षर बरोब्बर ताणायच्या जागी. 'पवीऽऽत्र' म्हटलं की कुणीतरी हसणारच. टिळकांना ही अडचण आली नाही कारण त्यांनी चाल आणि शब्द दोन्ही इथल्याच मातीतून घेतले. हे मला चाळिशीत समजलं. तरीही आज गाडीत कोण लावतो विचाराल तर डॉन मोएन. खोटं कशाला बोलू.

वसईची_वेणी
भाकरीदादा, अगदी अगदी! आम्ही कॅथलिक, पण गोष्ट तीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली, त्यामुळे आमच्याकडे मराठी गीतांची सवय. आता लग्नात मुलांना इंग्रजीच हवं असतं. मागच्या डिसेंबरात एका लग्नात नवरी आत येताना क्वायरने जे गाणं लावलं ते ऐकून मावशी मला कानात म्हणाली, "हे देवाला म्हणतायत की नवऱ्याला?"

वाकडी_वाट
मावशींना माझा नमस्कार. अमेरिकेत यावर बरीच टिंगल होते. 'येशू माझा बॉयफ्रेंड' छापाची गाणी म्हणतात. 'तू', 'तुझा स्पर्श', 'तुझ्याशिवाय जगणार नाही'. नाव काढा आणि कुठल्याही डेटवर वाजवा.

वारीतला_विन्या
आता मात्र सापडलास! ज्ञानोबांच्या विराण्या काय आहेत मग? चांदणं नको, चंदन नको, फुलांची शेज पोळते, कान्हा कधी भेटेल. नाव काढा आणि कुठल्याही डेटवर वाजवा.

वाकडी_वाट
विराणीत चंदन पोळतं रे. यांच्यात सगळं छान छानच असतं. माझी तक्रार प्रेमाची नाही, साखरेची आहे.

निळा_सूर
हा मुद्दा पटला. विरहाची गाणी कमी आणि मिलनाची फार.

दूरदेशी_काका
साखर मान्य, पण सगळ्यांना एका चरकात घालू नका. सुरुवात साखरेची नव्हती. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या लॅरी नॉर्मनची 'अपॉन धिस रॉक' आली. खांद्यापर्यंत सोनेरी केस, हातात गिटार, आणि ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं ती रेकॉर्ड ठेवायला तयार नाहीत. तो हिप्पी पोरांचा काळ. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये ही अनवाणी पोरं शिरली, त्यांनी बँड काढले, आणि १९७१ मध्ये त्या चर्चच्या 'मारानाथा! म्युझिक'ची पहिली रेकॉर्ड निघाली. ती कोणा एकाची नव्हती, वेगवेगळ्या बँडची एकत्र होती. म्हणजे सूनबाईचं खोकं वंशाला धरूनच आहे. या कुळाचा मूळपुरुषच संकलन.

आणि कीथ ग्रीन! १९८० पासून त्याने रेकॉर्डला किंमत लावणंच सोडलं. जे जमेल ते द्या, नसेल तर फुकट न्या. कंपनीशी केलेला करार त्यासाठी सोडवून घेतला. १९८२ मध्ये टेक्ससमध्ये छोटं विमान पडलं त्यात गेला, बरोबर दोन मुलंही. वय २८.

वारीतला_विन्या
काका, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे तुकोबा सांगून गेले, जिथे कीर्तन करावं तिथे जेवूसुद्धा नये. आणि आज बिदागीचा आकडा ठरल्याशिवाय महाराज गाडीतून उतरत नाहीत. सगळे नाहीत, पण आहेत. एकदा आमच्या सप्ताहात साउंडवाला, मंडपवाला आणि महाराज यांत सगळ्यात स्वस्त साउंडवाला पडला.

दूरदेशी_काका
मग रिच मलिन्सचंही ऐक. 'ऑसम गॉड'वाला. त्याचा पैसा सगळा चर्चच्या वडीलधाऱ्यांकडे जायचा. त्यांनी त्याला अमेरिकन कामगाराच्या सरासरी पगाराएवढंच द्यायचं आणि बाकीचं दान करायचं. गाण्यांनी नेमके किती मिळाले हे आपल्याला कळूच नये, असा त्याचा आग्रह. शेवटची वर्षं नाव्हाहो आदिवासींच्या वस्तीत मुलांना संगीत शिकवण्यात गेली. १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला.

बेसुर_बाळ्या
काका, तुमच्या गोष्टीतले चांगले लोक फार लवकर मरतात. एखादा जिवंत सांगा.

दूरदेशी_काका
स्ट्रायपर. हेवी मेटल बँड. पिवळे-काळे पट्टे, कपड्यांपासून ड्रमपर्यंत, गांधीलमाशीसारखे. कार्यक्रमात प्रेक्षकांवर बायबलच्या प्रती फेकायचे. अजून वाजवतात.

बेसुर_बाळ्या
आमच्याकडे काल्याच्या कीर्तनात लाह्या उधळतात. डोक्याला टेंगूळ येत नाही.

पुणेरी_पाटी
झेल सुटला तर पाप लागतं का?

वाकडी_वाट
मलिन्स-ग्रीन मान्य, पण ते अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. बाकी पद्धतशीर धंदा आहे. चर्चमध्ये पडद्यावर गाण्याचे शब्द येतात तेव्हा खाली बारीक अक्षरात एक क्रमांक असतो, पाहिलाय? तो परवान्याचा. पूर्वी चर्चवाले शब्द टाइप करून, चक्रमुद्रित करून वाटायचे. शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर एका प्रकाशकाने खटला भरला, १९८४ मध्ये लाखो डॉलरची भरपाई ठरली आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. त्यातून १९८८ मध्ये सीसीएलआय उभी राहिली: चर्चने माणसांच्या संख्येनुसार वर्षाची फी भरायची आणि त्यांच्या यादीतल्या गाण्यांचे शब्द छापायचे, पडद्यावर दाखवायचे. गीतकाराला वाटा मिळतो, हे चांगलंच. पण मग गाणी कशी लिहिली जाणार? रविवारी दहा हजार चर्चमध्ये म्हणता येतील अशीच. सोपी पट्टी, चार कॉर्ड. साच्याचं मूळ तिथे आहे.

नगरी_भाकरी
वाकडोबा, आमच्या सोळा-सतरा कॅसेटबद्दल त्यांना कळवू नका म्हणजे झालं.

साच्याला चिडलेले तिथेही होते हो. इंग्लंडमध्ये वॉटफर्डच्या चर्चमध्ये पाळकांना वाटलं, लोक गाणं ऐकायला येतात, उपासनेला नाही. त्यांनी सरळ बँड आणि साउंड सिस्टिम काही काळ बंद करून टाकली. नुसते आवाज. पहिले काही रविवार म्हणे फार अवघडल्यासारखे गेले. तिथला गाणारा पोरगा मॅट रेडमन. त्या अनुभवावर त्याने 'द हार्ट ऑफ वर्शिप' लिहिलं. आणि मग ते गाणं जगभर पूर्ण बँडसकट वाजायला लागलं. :)

वाकडी_वाट
हे वाचून मला जो आनंद झालाय तो शब्दांत सांगता येत नाही.

मिरजेची_सून
किती छान लिहिताय सगळे! ऑफिसात वाचून संपवला धागा. पण आज रविवार, आत्ता फोन येईल. येल चढाय?

वसईची_वेणी
ताई, 'अग्नुस देई' असेल का? लॅटिन शब्द आहेत. मायकेल डब्ल्यू. स्मिथचं.

मिरजेची_सून
नाही गं, बाईचा आवाज आहे. आणि 'देई'चं 'चढाय' करण्याइतक्या सासूबाईंचे कान वाईट नाहीत.

पुणेरी_पाटी
ट्वायला पॅरिस? डार्लीन चेक? नव्वदीत बायका बऱ्याच होत्या.

निळा_सूर
इंग्रजी नसलेले शब्द कसे वाटत होते? स्पॅनिश? लॅटिन?

मिरजेची_सून
घशातले. एकात 'अडोनाय' असं काहीसं होतं. सासूबाई त्याला 'आडवा न्हाय' म्हणायच्या. म्हणजे वेल आडवा नाही, चढतोय. त्यांनी सगळा अर्थ लावून ठेवला होता.

बेसुर_बाळ्या
मी खुर्चीतून पडलो.

नगरी_भाकरी
अरे देवा!! मी काय झोपलो होतो काय! येल चढाय... एल शडाय! हिब्रू आहे ताई. आमच्या मराठी बायबलमध्ये उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात 'सर्वसमर्थ देव' येतं ना, तेच मूळ हिब्रूत 'एल शद्दाय'. आणि 'अडोनाय' म्हणजे प्रभू. अमेरिकन तोंडात त्याचं 'एल शडाय' होतं. बाई म्हणजे एमी ग्रँट. आता ऐका आणि सांगा.

दूरदेशी_काका
शाबास भाकरी! आणि मी चाळीस वर्षं ऐकतोय तरी सुचलं नाही. लिहिलं मायकेल कार्ड आणि जॉन थॉम्पसन यांनी, एमीने गायलं १९८२ च्या 'एज टू एज'मध्ये. एकट्या कलाकाराची प्लॅटिनमपर्यंत गेलेली या प्रकारातली पहिली रेकॉर्ड. सुटी सीडी 'एज टू एज' असेल, नाही तर १९८६ चं तिचं 'द कलेक्शन', त्या संकलनातही हे आहे.

हिचीच पुढे १९९१ मध्ये 'बेबी बेबी' बिलबोर्डवर पहिल्या नंबरवर गेली. आपल्या तान्ह्या मुलीवरून सुचलेलं गाणं, पण व्हिडिओत नवऱ्याऐवजी दुसराच देखणा पुरुष, त्यावरून चर्चवाल्यांत केवढा गहजब! १९९९ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा काही ख्रिस्ती स्टेशनांनी तिची गाणी बंद केली. आणि २०२२ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला तिला.

मिरजेची_सून
फोन झाला!!! स्पीकरवर लावून ऐकवलं. पहिल्या ओळीलाच "हांऽऽ, हेच!" मग पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं कट झाला. तर त्या बरोबर म्हणत होत्या.

मग मी सांगितलं, आई, हे वेलाचं नाही, हिब्रू भाषेत देवाचं नाव आहे. तर म्हणाल्या, "असू दे की. ज्ञानोबांचा वेल कुठे झाडाचा होता? गगनावेरी गेला तो." आणि लगेच, "ही बाई जरा घाईत म्हणते. तुझ्या सीडीवर सावकाश होतं." सीडी अडकत होती आई, म्हणून सावकाश होतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

वारीतला_विन्या
सूनबाई, सासूबाईंना साष्टांग.

वाकडी_वाट
ऐकलं. पियानो आहे, पण साचा नाही. मूळ चाल हिब्रू शब्दांवर बेतलेली आहे, त्यामुळे इंग्रजी ओळी पाहुण्यासारख्या वाटतात. भाकरींच्या 'पवित्र'च्या बरोबर उलट. आवडलं, लिहून ठेवतो, पुन्हा विचारू नका.

निळा_सूर
आणि सुरुवात कुठून करावी, हे राहिलंच की. ताई, निळी सीडी म्हणायची, सालाच्या सीडी धूळ झाडायला. त्या खोक्यात नसलेलं ऐकायचं तर आंद्रे क्राउच आणि महेलिया.

दूरदेशी_काका
मी म्हणतो आधी रिच मलिन्स. आणि १९९६ ची सीडी फेकू नकोस, पहिल्या अंकाला मान असतो.

नगरी_भाकरी
आणि टिळक. कुठल्याही सीडीत मिळणार नाहीत. नगरला या, पेटीवर म्हणून दाखवतो. आजी नाही आता, पण तिचा खांदा दुखवणारी पलटण अजून आहे.

मिरजेची_सून
नक्की! पण आता सगळं फोनवरच मिळतंय तर खोक्यातल्या उरलेल्या सीडींचं करू काय? नवरा म्हणतो परत गराज सेल.

बेसुर_बाळ्या
बाल्कनीत दोरीला टांगा. कबुतरं येत नाहीत.

वसईची_वेणी
पिवळी मला ठेवा!!

मिरजेची_सून
पिवळी ठेवली. खरखरवाली आजच टांगली, धाकट्याने. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दिसली तर विचारलं, "ते काय चमकतंय गं?"

बेसुर_बाळ्या
सांगा, येल चढलाय.